पोच्यासकट

बंपर हा मोटारीचा असा भाग आहे, जो ठोकर खाण्यासाठीच जन्माला येतो. इंजिनानं चालवायचं, ब्रेकनं थांबवायचं, हॉर्ननं (निदान आमच्या पुण्यात) पुढच्या माणसाला त्याची जागा दाखवायची आणि जे काय आदळायचं असेल ते बंपरनं आधी अंगावर घ्यायचं, अशी ही कामाची वाटणी. आता अशा बंपरला दिल्लीहून पुण्याला येताना वाटेतच पोचा आला, तर माल खराब निघाला म्हणायचं, की गडी कामावर जरा लवकर रुजू झाला म्हणायचं? परत पाठवायचा की ठेवून घ्यायचा, यावर आमच्या घरात बरेच दिवस एकमत होईना. तोवर बंपर सोफ्यामागे आडवा पडून होता आणि सोफ्यामागचा केर निघत नाही ही तक्रार वेगळीच सुरू होती.

गाडी वडिलांनी घेतलेली, प्रीमियर पद्मिनी. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, पुढे कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाटच्या ‘११००’ गाड्या बाहेर पडू लागल्या आणि सत्तरच्या दशकात त्याच गाडीचं नाव ‘पद्मिनी’ झालं. हे नाव आरसी बुकापुरतं. गल्लीत, ऑफिसात, पेट्रोल पंपावर ती शेवटपर्यंत ‘फियाट’च राहिली. गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, पुढचं सीट म्हणजे सलग बाक, दाराच्या पुढच्या कोपऱ्यात वारा आत वळवणारी त्रिकोणी काच आणि पुढे-मागे क्रोमचे लखलखीत बंपर. त्या काळी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबल्यावर गाडी मिळायची. इतकं थांबून मिळालेल्या गाडीला कोणी खोट काढत नसे. हार घालायचा, नारळ फोडायचा आणि पेढे वाटत घरी यायचं.

आता उत्पादन थांबूनच दोन दशकांहून जास्त काळ लोटला. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती. तिथे टॅक्सीला वीस वर्षांची मुदत. ती भरली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी मुंबईच्या रस्त्यावरून गेली. खासगी गाड्या मात्र आमच्यासारख्यांनी जिवंत ठेवल्या आहेत. नोंदणीचं नूतनीकरण करायचं, पर्यावरण कर भरायचा आणि उरलेल्या वेळात पार्ट शोधायचे.

नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानात शिरून ‘फियाटचा पुढचा बंपर’ म्हटलं, की काउंटरवरचा माणूस आधी आपल्याकडे बघतो, मग आपल्या खांद्यावरून रस्त्यावर बघतो, गाडी खरोखर चालत आली आहे का, आणि मग आतल्या अंधारात कोणाला तरी हाक मारतो, ‘फियाटचं काही आहे का रे?’ आतून ‘कधीच संपलं’ एवढं उत्तर येतं. माणूस येत नाही. जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी चक्कर मारली तर बंपर मिळतो, पण तो आपल्या बंपरपेक्षा जास्त गंजलेला. अशात दिल्लीच्या एका विक्रेत्याकडे ‘न्यू ओल्ड स्टॉक’ असल्याचं कळलं. म्हणजे कुठल्याशा गोदामाच्या माळ्यावर राहून गेलेला, कधीही गाडीला न लागलेला माल. वधूवर सूचक मंडळाच्या भाषेत सांगायचं तर वय जरा जास्त, पण प्रथमवर. मागवला.

खोकं आलं तेव्हा त्याच्यावर तीन चित्रं होती: दारूचा चषक, छत्री आणि वर जाणारे दोन बाण. या खुणा जगभर चालतात. चषक म्हणजे माल नाजूक, छत्री म्हणजे भिजवू नका, बाण म्हणजे ही बाजू वर. आमच्या खोक्यावरचे बाण भिंतीकडे बघत होते, छत्री ओली होती आणि चषकाच्या बरोब्बर पोटात कोपर मावेल एवढा खड्डा होता. कुरिअरच्या मुलाला ओटीपी आधी हवा होता. त्याच्या मोबाइलवर बोटानं सही करायची, आणि त्या सहीच्या वर बारीक अक्षरांत, की माल सुस्थितीत मिळाला. खोकं न उघडता सुस्थिती कशी कळणार, असं विचारलं तर तो म्हणाला, ‘काका, अजून चाळीस डिलिव्हरी आहेत.’ हे प्रश्नाला धरून नव्हतं, पण खरं होतं. मी सही केली.

विक्रेत्याची अट अशी, की खोकं उघडताना सलग व्हिडिओ काढायचा. मध्ये थांबवलात तर तक्रार ऐकून घेतली जाणार नाही. त्यामुळे मी सुरी घेऊन खोक्याशी आणि सौभाग्यवती मोबाइल घेऊन माझ्या डोक्याशी, असा कार्यक्रम झाला. त्या व्हिडिओचा पहिला भाग म्हणजे माझं टक्कल आहे. ‘अहो, बाजूला व्हा, खोकं दिसत नाहीये,’ हा आवाजही सलग आला आहे.

आत हिंदी वर्तमानपत्रांचे बोळे, दोन्ही टोकांना थर्माकोल आणि त्याखाली गोदामातला मूळचा तेलकट, पिवळा कागद. तो सोलत गेलो तसा बंपर उजळत गेला. इतकी वर्षं अंधारात काढून क्रोमवर एक डाग नाही. त्यात आमची ट्यूबलाइट दिसली, पंखा दिसला, पंख्याच्या पात्यांवरची धूळही दिसली. ट्यूबलाइटचं प्रतिबिंब सरळ रेषेत डावीकडे, क्लीनर साइडला, गेलं आणि जिथे बंपर वळतो त्याच्या थोडं अलीकडे त्यानं आत एक गिरकी घेतली आणि पुन्हा सरळ झालं. तिथे पोचा. अंगठा टेकवला तर बसतो, एवढा. नखानं चाचपून पाहिलं. क्रोम फुटलेला नव्हता, पापुद्रा सुटलेला नव्हता. पत्रा तेवढा आत गेलेला.

सगळ्यात आधी मत आलं ते बंगळुरूहून मुलीचं, कारण तिला मत द्यायला वेळ लागत नाही. ‘बाबा, रिटर्न टाका की. येऊन घेऊन जातात.’ तिच्या पिढीला परत करणं हा खरेदीचाच एक टप्पा वाटतो. बूट घ्यायचे तर दोन मापांचे मागवायचे, एक जोड ठेवायचा, एक परत. त्यात कोणी कोणाला ‘का हो, आवडला नाही का?’ असं विचारत नाही. आम्ही वाढलो ते ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या पाटीखाली. पुण्यात पाटी नसली तरी दुकानदाराच्या चेहऱ्यावर ती वाचता यायची. लक्ष्मी रोडवर घेतलेला शर्ट बदलून आणायचा तर घरातलं सगळ्यात तोंडाळ माणूस बरोबर न्यावं लागे, आणि तेही आधी दोन गल्ल्या अलीकडे थांबून काय बोलायचं ते ठरवून घेई. तिथून आलेल्या माणसाच्या हाताला ‘रिटर्न’चं बटण चटकन सापडत नाही.

सौभाग्यवतीचं मत तत्त्वाचं. ‘पैसे नव्याचे मोजलेत ना? मग पोचा कशाबद्दल?’ हे शिक्षण तिला माहेरी मिळालेलं. जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी देणारी बाई दारात टोपली उतरवून बसली, की माझ्या सासूबाई पातेलं उचलत, उजेडाकडे धरत, बोटाच्या पेरानं टकटक वाजवत गोल फिरवत आणि जिथे आवाज बसका येई तिथे बोट ठेवून म्हणत, ‘हा काय पोचा?’ भांडीवाली म्हणे, ‘ताई, पोचा न्हाई त्यो, उजेड तसा पडलाय.’ मग गाठोड्यातली एक पँट मागे घेतली जाई, नाहीतर पातेल्यावर एक डाव जास्तीचा मिळे. यात एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी होती. पातेलं कधीही परत जात नसे. त्या घरात पोचा हे परत करण्याचं कारण नव्हतंच. भाव करण्याचं होतं.

वडिलांनी चष्मा कपाळावर चढवून बंपर पाहिला आणि म्हणाले, ‘लावून टाक.’ मी म्हटलं, ‘बाबा, पोचा आहे.’ ‘दिसतोय. लावल्यावर महिन्याभरात दुसरा येणारच आहे. मग त्यातला दिल्लीचा कुठला आणि सदाशिव पेठेतला कुठला, ते मला ओळखून दाखव.’

त्यांचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. अमेरिकेत १९७३ सालच्या मॉडेलांपासून सरकारनं नियमच केला होता, की ताशी पाच मैलांच्या वेगानं गाडी समोरून धडकली तरी बंपरनं ते सोसायचं. दिव्यांसारख्या सुरक्षेच्या भागांना धक्का लागता कामा नये. म्हणजे बंपरनं मार खाणं हे तिथे कायद्यानं ठरवून दिलेलं काम. आपल्याकडे उलट. बंपरला काही होऊ नये म्हणून आपण त्याच्यापुढे लोखंडी गार्ड बसवतो. रखवालदाराला रखवालदार. शेवटी डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाला राज्यांना लिहावं लागलं, की हे गार्ड बेकायदा आहेत, पायी चालणाऱ्याला आणि गाडीतल्या माणसांनाही धोक्याचे आहेत, कारवाई करा. आणि ज्यांनी गार्ड लावला नाही त्यांच्या नव्या गाडीच्या सीटवर शोरूमचं प्लास्टिक दुसऱ्या दिवाळीपर्यंत असतं. ज्यांच्या घरी सोफ्यावर कव्हर, कव्हरवर चादर आणि पाहुणे येताना दिसले की चादर ओढून काढायची पळापळ असते, त्यांना यात काही वावगं वाटायचं कारण नाही.

मग प्रकरण तिसऱ्या मजल्यावरच्या वकीलकाकांकडे गेलं. वकिली सोडून त्यांना बरीच वर्षं झाली, पण अशा कामासाठी ते लुंगी बदलून पायजमा घालतात.

‘काका, मी तर माल सुस्थितीत मिळाल्याची सही देऊन बसलोय.’

‘दिलीस ना? असू दे. मालविक्री कायदा, १९३०. कलम ४१. आधी न पाहिलेला माल तपासायची वाजवी संधी मिळेपर्यंत तू तो स्वीकारलास असं धरलं जात नाही. बंद खोक्यावर सही म्हणजे खोकं मिळालं, एवढंच. ते म्हणतील की नाही. म्हणू देत. भांडता येतं.’ भांडता येतं हे सांगताना त्यांचा चेहरा उजळला.

पुढचं कलम ४२. माल स्वीकारला असं केव्हा धरायचं? एक तर तुम्ही तसं कळवलंत तर. किंवा मालाचं असं काही केलंत, की जे तो अजून विक्रेत्याचा आहे या गोष्टीशी जुळत नाही. किंवा नको असल्याचं न कळवता वाजवी मुदतीपलीकडे नुसता ठेवून घेतलात तर. यातला दुसरा मुद्दा आपल्याकडे कोणालाही शिकवावा लागत नाही. तांब्यावर मशीननं ‘चि. सौ. कां.’ कोरून झालं, की तो दुकानात परत नेता येत नाही हे पोराटोरांना ठाऊक आहे. तिसऱ्यात मेख आहे. वाजवी मुदत म्हणजे नेमकी किती, हे कायदा दिवसांत सांगत नाही. ते ज्याच्या त्याच्या परिस्थितीवर. आमच्या घरी ती दिवाळीच्या साफसफाईपर्यंत असते, पण हे न्यायालयात टिकेल असं काकांना वाटलं नाही.

खरी गंमत कलम ४३ मध्ये. माल नाकारण्याचा हक्क असेल आणि वेगळं काही ठरलेलं नसेल, तर खरेदीदारानं तो परत पोचवायलाच हवा असं नाही. ‘मला हा नको’ एवढं कळवलं तरी पुरे. म्हणजे इतके दिवस परत पाठवायचा तर खोकं कुठून आणायचं, एवढं लांब खोकं कोण देणार, रिक्षात कसं बसवायचं, यावर घरात जे डोकं आटवलं ते १९३० सालीच कोणीतरी आपल्यासाठी आटवून ठेवलं होतं. आणि कलम ५९ म्हणतं, मालातली खोट सांभाळून घेऊन तो ठेवायचा असेल तर ठेवा, आणि त्या खोटीपुरती किंमत कमी करून मागा. हे कलम माझ्या सासूबाई एक अक्षर न वाचता दारात बसून चालवत होत्या.

काकांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या त्या चहा घेता घेता. ऑनलाइन बाजारातून घेतलेला माल सदोष निघाला, तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. दाद लागली नाही तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. आणि माल ट्रान्सपोर्टच्या ट्रकनं आला असेल व ट्रान्सपोर्टवाल्याकडूनच भरपाई हवी असेल, तर माल बुक केल्यापासून १८० दिवसांच्या आत त्याला लेखी नोटीस गेली पाहिजे, नाहीतर दावाच उभा राहत नाही. काकूंनी आतून सुनावलं, की बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली ग्राहक पंचायत काढली ती याच पुण्यात, आणि याच पुण्यातला माणूस पोच्याचा माल घेऊन गप्प बसणार असेल तर कठीण आहे. हे मला उद्देशून होतं.

इथे एक सांगून टाकतो, नाहीतर कोणी या लेखाच्या भरवशावर भलतंच काही करायचा. हा सगळा विचारविनिमय बंपरपुरता. ब्रेकचा ड्रम आपटून आला, स्टिअरिंगचा टाय रॉड वाकून आला, चाकाची रिम जराशी अंडाकृती वाटली, हेडलाइटच्या काचेला केसाएवढी चीर दिसली, तर विचार करायचा नाही, कलमं वाचायची नाहीत, डेंटरलाही दाखवायचं नाही. परत. रेडिएटरचं थोडं वेगळं: बाहेरच्या पातळ पट्ट्या वाकल्या असतील तर हलक्या हातानं सरळ होतात, नळीला मार असेल तर तोही परत. जिथे पोचा फक्त आपल्या डोळ्यांना टोचतो आणि जिवाशी खेळत नाही, तिथेच अशी चैन करता येते.

पोचा पाडला कोणी, हाही एक विषय झाला. सौभाग्यवतीचा रोख सरसकट ‘त्या हमालांवर’ होता. मला ते पटलं नाही. नाना पेठेच्या एका फेरीत हमाल पंचायतीच्या ‘कष्टाची भाकर’मध्ये जेवायला बसलो होतो. शेजारी एक म्हातारे हमाल होते. भाकरी कुस्करता कुस्करता मी त्यांना बंपरची हकीकत सांगितली. ते म्हणाले, ‘आमच्या पाठीवरून पडलं तर आमच्याच पायावर पडतंय. म्हणून आम्ही पाडत न्हाई. आता मशिनीच्या पट्ट्यावरून माल जातो. पट्ट्याला पाय न्हाईत.’ एवढं बोलून त्यांनी आमटी वाढून घेतली. माझ्या मते दोष ना पाठीचा, ना पट्ट्याचा. दोष खोकं भरणाऱ्याचा. लांब वस्तूची दोन टोकं थर्माकोलमध्ये बसवली आणि जिथे ती वळते, म्हणजे जिथे ती खोक्याला आतून टेकते, तिथे वर्तमानपत्राचा एक बोळा सरकवला. तो बोळाही चौदाशे किलोमीटर रस्त्यानं आला, तोवर त्याची घडी झाली होती. चषकाचं चित्र छापायला जेवढी शाई लागली तेवढ्या पैशांत आणखी एक थर्माकोलचा तुकडा आला असता.

आता उरला चौथा मार्ग: पोचा काढून घ्यायचा. नाना पेठेतल्या डेंटर चाचांनी बंपर उलटा करून आतल्या बाजूनं बोट फिरवलं, पुढून फिरवलं, आणि म्हणाले, ‘निकल जाएगा. मगर क्रोम का मैं नहीं बोलता.’ म्हणून भोसरीच्या एमआयडीसीत एका प्लेटिंगवाल्याकडे गेलो. आत शिरल्याबरोबर नाकात आम्लाचा वास, आणि ओळीनं लावलेल्या टाक्यांवर तारेला टांगलेले नळ, हँडल, सायकलचे भाग आत-बाहेर होत होते. त्यानं जे सांगितलं ते मला नवीन होतं. क्रोमची म्हणून आपण जी चमक बघतो ती मुळात क्रोमची नसते. पत्र्यावर तांबं, तांब्यावर निकेल आणि सगळ्यात वर क्रोम, तोही मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्शाहून पातळ. चमकतं ते निकेल. क्रोम त्याला निळसर झाक देतो आणि पिवळं पडू देत नाही. पोचा ठोकून वर आणायचा तर पत्रा ताणला जाणार; तो ताण वरचे थर सोसतीलच असं नाही. बारीक चिरा पडल्या की पाणी आत आणि महिन्या-दोन महिन्यांत गंज बाहेर. म्हणून नीट करायचं तर जुना मुलामा पूर्ण उतरवायचा, मग ठोकायचं, मग बफिंग, आणि मग तिन्ही थर पहिल्यापासून. पोचा अंगठ्याएवढा, काम अख्ख्या बंपरचं.

‘बंपर नवाकोरा दिसेल साहेब,’ तो म्हणाला, ‘पण मग तो कंपनीचा नाही राहणार. माझा होईल.’

मी बंपर पुन्हा कागदात गुंडाळला.

परतताना कसबा पेठेतून, तांबट आळीवरून आलो. वाट तशी वाकडी होती, पण वाहतूक पोलिसांनी त्या दिवशी सरळ वाट कोणालाच ठेवली नव्हती. तिथे अजून हातानं ठोकून तांब्याची भांडी घडवतात. घडवलेल्या भांड्यावर छोट्या हातोडीनं एकाशेजारी एक, एका अंतरानं, एका जोरानं ठोके देत जातात. त्याला मठारकाम म्हणतात. त्या ठोक्यांनी पत्रा कडक होतो आणि भांड्याला ती चंद्राच्या कवडशांची झळाळी येते. लोक त्याचे जास्त पैसे मोजतात. एकूण काय, हजार पोचे ओळीनं पडले तर कारागिरी आणि एकच पडला तर नुकसान. म्हणून मी आमच्या बंपरवर आणखी नऊशे नव्याण्णव पाडून घ्यावेत की काय, असं क्षणभर मनात आलं. वडिलांनी ते सदाशिव पेठेत फुकट होईल म्हणून सांगितलं.

तर हिशेब असा होता. परत पाठवला तर पैसे परत मिळाले असते, पण विक्रेत्याकडे दुसरा नग नव्हता. म्हणजे पोचा नाही आणि बंपरही नाही. शिवाय तेच खोकं, तेच बाण, तोच पट्टा, आणि दिल्लीला पोचेपर्यंत आणखी एक पोचा आला तर तो कोणाचा, यावर पुन्हा व्हिडिओ. ठोकून घेतला तर इतकी वर्षं अंधारात जपलेला कंपनीचा क्रोम माझ्या हातानं उतरवायचा. ठेवला तर अंगठ्याएवढा पोचा. मला ठेवणं पटलं. पण मुकाट्यानं ठेवणं पटलं नाही. परत न पाठवणं आणि गप्प बसणं हे आपल्याकडे एकच समजतात, आणि त्यामुळेच वर्तमानपत्राच्या बोळ्यावर काम भागवणाऱ्यांचं फावतं.

तेव्हा विक्रेत्याला फोटो पाठवले, व्हिडिओ पाठवला (टक्कल कापून पाठवता आलं नाही, सलग ही त्यांचीच अट) आणि लिहिलं, की माल ठेवतो आहे, पण पोच्याचे पैसे कमी व्हावेत. मराठी माणसानं हिंदीत तक्रार लिहिली की ती आपोआप विनंती होते. तेवढं जपून दोनदा वाचून घेतलं. त्याचं उत्तर आवाजी निरोपानं आलं. पहिला निम्मा भाग माल कसा दुर्मीळ आहे यावर, मग ‘मैंने तो अपने बच्चे की तरह पैक किया था, सर’. यावर सौभाग्यवती त्याच्या मुलांविषयी काळजीच्या सुरात जे बोलली ते तिथपर्यंत पोचलं नाही हे बरं. दोन-तीन निरोपांच्या घासाघिशीनंतर त्यानं रकमेतला काही हिस्सा परत केला. कलम ५९ चा उल्लेख करावा लागला नाही, याचं वकीलकाकांना थोडं वाईट वाटलं. सौभाग्यवतीच्या लेखी एक पँट मागे आली, प्रकरण मिटलं.

बंपर गाडीला लागला आहे. पोचा क्लीनर साइडला असल्यामुळे गाडी उभी असताना तो सोसायटीच्या भिंतीकडे असतो आणि चालताना तो बघायला कोणाला वेळ नसतो. आता अडलं आहे ते ड्रायव्हर साइडच्या पुढच्या दाराच्या त्रिकोणी काचेपाशी. वाचकांपैकी कोणाच्या माळ्यावर, गॅरेजात, वडिलोपार्जित लोखंडी ट्रंकेत ती असेल तर कृपया कळवावं. पॅक करू नका, चषकाचं चित्र चिकटवू नका, कुरिअर तर अजिबात करू नका. फक्त पत्ता द्या. मी एसटीनं येतो आणि मांडीवर घेऊन जातो.